कांडप मशीनच्या आधी दुकानं मोजा

धंदा काढायचं मनात आलं की नागपुरात माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘प्रोजेक्ट रिपोर्ट कोण बनवून देतं?’ बनवून देणारे भरपूर आहेत. मशीनचं कोटेशन, आधार, पॅन, जागेचा भाडेकरार एवढं दिलं की चार दिवसांत जाडजूड फाइल हातात येते. पाच वर्षांची विक्री, नफा, घसारा, कर्जाची परतफेड, सगळं तिच्यात असतं. मग बँकेतले साहेब मधलंच एखादं पान उघडून विचारतात, ‘पहिल्या वर्षी साठ टक्के क्षमता, हे कशावरून?’ आणि समोरचा गप्प होतो. तो आकडा त्याने काढलेलाच नसतो.

फाइल लागते, यात वाद नाही. पण ती शेवटी करायची. तिच्याआधी एक साधी वही लागते, आणि ती धंदा करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. वहीत काय लिहायचं आणि कोणत्या क्रमाने, ते एकच धंदा धरून शेवटपर्यंत करून पाहू.

धंदा नागपूरचाच घेऊ: सावजी मसाल्याची पाकिटं. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातली ही चव. महाल, इतवारी, पाचपावली, गोळीबार चौक या भागांतल्या भोजनालयांनी ती शहरभर नेली. समजा, हुडकेश्वरकडे राहणारी एक बाई गेली काही वर्षं सावजी जेवणाचे डबे देते. तिच्या मसाल्याला लोक नावाजतात, ‘ताई, मसाला विकत का नाही?’ असं विचारतात. तिने कांडप मशीनचं कोटेशन आणलं आहे. पल्व्हरायझर, भाजणी यंत्र, चाळणी, वजनकाटा, पाकीट सील करायचं यंत्र मिळून साडेचार लाख. वायरिंग, थ्री-फेज जोडणी आणि शेडची डागडुजी दीड लाख. खेळतं भांडवल म्हणून रिपोर्टवाल्याने चार लाख लिहिले आहेत. एकूण दहा लाखांचा प्रकल्प. पुढचे सगळे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या वहीत तुम्ही स्वतः बाजारात फिरून आणलेले दर लिहा. रीत तीच राहील.

एका पाकिटाचा हिशेब

वहीचं पहिलं पान एका किलोचं. घरात मसाला अंदाजाने होतो, ‘मूठभर धने, चिमूटभर जायफळ’. धंद्यात ते चालत नाही. प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये लिहायचा आणि घट मोजायची. मिरचीचे देठ निघतात, भाजताना ओल उडते, दळताना खकाणा जातो, चाळणीवर चोथा राहतो. एक किलो तयार मसाला हातात यायला कच्चा माल किती लागला, हे घरच्या काट्यावर तीन-चारदा तोलून पाहा. खसखस, मिरे, मोठी वेलची, दगडफूल हे महाग जिन्नस. त्यांतला एखादा पाच ग्रॅमने इकडेतिकडे झाला तरी वर्षाचा नफा हलतो.

दर इतवारीच्या किराणा ओळीतून आणि मस्कासाथेतून आणायचे, तेही किलोचा नव्हे, पोत्याचा भाव विचारून. मिरचीसाठी कळमना. समजा, घट धरून एका किलोला कच्चा माल ३०० रुपयांचा लागला. दहा पाकिटं, लेबल आणि खोका मिळून ३०. वीज ६. दुकानांपर्यंत पोचवायला १४. झाले ३५०.

आता विक्रीची बाजू. शंभर ग्रॅमच्या पाकिटावर छापील किंमत ७० रुपये. पण ७० तिच्या हातात येत नाहीत. दुकानदाराचा हिस्सा आणि अधूनमधून द्यावी लागणारी ‘दहावर एक फुकट’ स्कीम वजा करता तिला पाकिटामागे ५२ मिळतील असं धरू, म्हणजे किलोला ५२०. त्यातून ३५० गेले की १७० उरतात. भाडं, पगार, हप्ता, सगळं या १७० मधून निघायचं आहे. वहीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच. ७० रुपयांच्या छापील किमतीवर नफा मोजलेले रिपोर्ट असतात आणि ते बघून जीव कळवळतो, कारण त्या भरवशावर कोणीतरी आपले दागिने गहाण ठेवलेले असतात.

पाकिटाबद्दल दोन गोष्टी इथेच नोंदवून ठेवा. दळलेला मसाला सुटा विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे. भोजनालयाने पाच किलो मागितला तरी तो सीलबंद आणि लेबलसकटच द्यावा लागतो. दुसरं, छापील लॅमिनेटेड पाऊच करायचे तर छापणारा मोठ्या ऑर्डरशिवाय हात लावत नाही. सुरुवातीला साधा पाऊच आणि त्यावर नीट छापलेलं स्टिकर पुरतं. परवाना क्रमांक, बॅच, घटक, वजन, किंमत, तारीख, ग्राहकांसाठी फोन नंबर हे त्यावर हवंच. चव बदलली, वजन बदललं, तर हजारो छापील पाऊच पडून राहत नाहीत.

महिन्याला किती, आणि किती दुकानांतून

दुसऱ्या पानावर दर महिन्याचा बांधलेला खर्च, म्हणजे एक पाकीट विकलं नाही तरी जाणारा पैसा. शेडचं भाडं १२,०००. दोन मदतनीस, प्रत्येकी १३,००० धरून २६,०००. स्वतःचा पगार १५,०००. फोन, हिशेबनीस, विमा, तपासणी आणि किरकोळ ७,०००. मशीन आणि डागडुजीच्या सहा लाखांतला आपला वाटा सोडून उरलेल्या कर्जाचा पाच वर्षांचा हप्ता साधारण १२,५००. खेळत्या भांडवलाच्या कर्जावरचं व्याज ३,५००. बेरीज ७६,०००.

स्वतःचा पगार वाचून अनेक जण थांबतात. ‘माझाच धंदा, मला कशाला पगार?’ बायकांच्या तोंडून तर हे हमखास ऐकू येतं. तो लिहायचाच. तो न लिहिता धंदा नफ्यात दिसत असेल, तर तो नफा म्हणजे तिच्या फुकट राबण्याची किंमत आहे. शिवाय उद्या ती आजारी पडली तर तिच्या जागी ठेवलेला माणूस पगार मागणारच.

७६,००० ला १७० ने भागा. ४४७ येतात. दर महिन्याला ४४७ किलो, म्हणजे जवळजवळ ४,४७० पाकिटं विकली की ना नफा ना तोटा. बहुतेक रिपोर्ट इथे थांबतात. खरी वही इथून पुढे सुरू होते.

४,४७० पाकिटं कोण विकणार? हे घरी बसून कळत नाही. मानेवाडा, नंदनवन, सक्करदरा, गोकुळपेठ, सदर अशा वेगवेगळ्या वस्त्यांतल्या तीसेक किराणा दुकानांत जायचं. दुपारी जा, तेव्हा दुकानदाराला बोलायला वेळ असतो. कोणते मसाले फळीवर आहेत, कोणत्या ब्रँडचं सावजी पाकीट जातं, आठवड्याला किती, त्याला किती सुटतात, कंपनीचा माणूस कधी येतो, पैसे किती दिवसांनी द्यावे लागतात, हे विचारायचं. ‘माझा मसाला घ्याल का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला सगळे ‘ठेवून जा’ म्हणतात. ‘ठेवून जा, विकला तर पैसे’ याचा अर्थ त्याने माल विकत घेतलेला नाही. तुमचा माल फक्त त्याच्या फळीवर ठेवायला जागा दिली आहे.

समजा, विचारपूस करून असं दिसलं की नवं पाकीट एका मध्यम दुकानात आठवड्याला तीनेक जातं, महिन्याला बारा. मग ४,४७० पाकिटांसाठी ३७० हून अधिक दुकानं लागतात. महिन्यातून दोनदा प्रत्येकाकडे जायचं तर कामाच्या २६ दिवसांत रोज २८-२९ दुकानं. हे कोण करणार? दोन मदतनीस भाजणी आणि पॅकिंगमध्ये गुंतलेले. म्हणजे विक्रीसाठी दुचाकीवर फिरणारा आणखी एक माणूस लागणार, आणि तो लागला की ७६,००० चा आकडा पुन्हा वर सरकतो.

तिच्याकडे आधीच असलेली गिऱ्हाइकं इथे उपयोगी पडतात. डब्याची घरं, त्यांचे नातेवाईक, शिकायला किंवा नोकरीला पुण्यात गेलेली नागपूरची मुलं, जी घरून येताना मसाला बांधून नेतात. यांना थेट विकलेल्या पाकिटात दुकानदाराचा हिस्सा जात नाही, उधारीही नसते. पुण्यात १९६२ साली हुकमीचंद आणि कमलबाई चोरडिया यांनी सुरू केलेल्या प्रवीण मसालेवाले या उद्योगाची सुरुवात घरच्या कांदा-लसूण मसाल्यापासून झाली. आज माहीत असलेली मसाल्यांची लांबलचक यादी नंतर आली. दहा प्रकारचे मसाले पहिल्याच दिवशी काढण्याचा मोह अनेकांना होतो. प्रत्येक प्रकार म्हणजे वेगळा कच्चा माल, वेगळं लेबल, वेगळा पडून राहणारा साठा.

मशीन किती तास चालेल?

आता कोटेशन पुन्हा हातात घ्या. पल्व्हरायझर ताशी ५० किलो मसाला काढतो असं धरू. ४४७ किलोला लागले नऊ तास. महिन्याचे नऊ तास. एका दिवसाचं काम, आणि उरलेले २५ दिवस मशीन झाकून ठेवायचं. साडेचार लाखांच्या कोटेशनमधलं सर्वांत मोठं यंत्र ज्या अडचणीवर घेतलं, ती अडचण नाहीच. माल दळून होत नाही, ही तिची अडचण नाही. तो खपवायचा कसा, ही आहे.

मग दुसरा मार्ग तपासू. भाजणी घरच्या वेगळ्या खोलीत, दळण मजुरीवर एखाद्या कांडप केंद्रात, पॅकिंग पुन्हा घरी. अन्नसुरक्षेची नोंदणी अशा घरगुती कामालाही मिळते. दळणारा मात्र नोंदणीवाला हवा. आपल्या आधी त्याने काय दळलं आणि मशीन पुसलं का, हे उभं राहून पाहायला हवं. दळणाची मजुरी किलोला २५ धरली तर स्वतःच्या विजेचे ६ वाचतात आणि किलोचा खर्च ३५० वरून ३६९ होतो. हातात १७० ऐवजी १५१ उरतात.

पण बांधलेला खर्च पाहा. खोलीचं भाडं ५,०००, एकच मदतनीस १३,०००, स्वतःचा पगार १५,०००, इतर ५,०००, खेळत्या भांडवलाच्या तीन लाखांच्या कर्जाचं व्याज २,७५०. बेरीज ४०,७५०. भागिले १५१, म्हणजे महिन्याला २७० किलो. २,७०० पाकिटं, २२५ दुकानं. त्यांतली काही पाकिटं थेट गिऱ्हाइकांकडे गेली तर दोनशेच्या आत दुकानं पुरतील. किलोमागे नफा कमी, तरी धंदा तोट्यातून बाहेर यायला लागणारी विक्री जवळजवळ चाळीस टक्क्यांनी खाली आली.

स्वतःचं मशीन मग कधी परवडेल, तेही काढता येतं. मशीन घेतलं की हप्ता १२,५०० आणि मोठ्या शेडचं जादा भाडं ७,००० मिळून १९,५०० वाढतात. दळणात किलोमागे १९ वाचतात. म्हणजे हजार किलोंच्या पुढे गेल्याशिवाय फक्त दळणाच्या बचतीवर मशीन फिटत नाही. उन्हाळ्यात लोकांचं वर्षाचं तिखट-मसाला दळून द्यायचं काम मिळालं तर हा आकडा खाली येईल. महालातल्या गल्लीत मात्र मिरची दळायला लागलात तर ठसक्यानेच शेजारी जमा होतील. तेव्हा जागा कुठली, हा प्रश्न मशीनसोबतच येतो.

पैसा कोणत्या महिन्यात जातो, कोणत्या महिन्यात येतो

वहीचं सर्वांत मोठं पान हे. उभे बारा रकाने, महिन्यांची नावं वर. आडव्या ओळींत त्या महिन्यात प्रत्यक्ष हातात आलेला पैसा आणि प्रत्यक्ष हातातून गेलेला पैसा. विक्री झाली पण पैसे आले नाहीत, तर त्या रकान्यात शून्य. चालू शकले असते असे छोटे धंदे याच पानावर अडकतात. नफा असतो, पण तो दुकानदारांच्या उधारीत आणि पोत्यांमध्ये अडकून पडलेला असतो, आणि पहिल्या तारखेला पगाराला पैसे नसतात.

चक्र मोजू. इतवारीत नव्या माणसाला उधार मिळत नाही, रोखीने घ्यायचं. कच्चा माल महिनाभराचा ठेवावा लागतो: २७० गुणिले ३००, म्हणजे ८१,०००. तयार पाकिटं दहाएक दिवसांची: साधारण ४६,०००. दुकानदार ‘महिन्यात देतो’ म्हणतो आणि दीड महिन्याने देतो: त्या उधारीत आपला सुमारे २,०६,००० रुपयांचा खर्च अडकतो. एकूण ३ लाख ३३ हजार. हा पैसा धंदा चालू असेपर्यंत परत हातात येत नाही.

त्यात मिरचीचा हंगाम. नवी मिरची जानेवारीपासून बाजारात येऊ लागते आणि एप्रिलपर्यंत आवक राहते. भिवापूरची मिरची आपल्या जिल्ह्यातलीच, भौगोलिक मानांकन मिळालेली. तिचा रंग आणि तिखटपणा वापरायचा असेल तर हंगामात घेऊन ठेवणं भाग आहे. एका किलो मसाल्यात घटीसकट ३६० ग्रॅम मिरची धरली तर महिन्याला ९७ किलो लागते. महिन्याचा साठा वर मोजलाच आहे. आणखी आठ महिन्यांची घ्यायची तर २०० रुपये किलोने १ लाख ५५ हजार एकदम मार्च-एप्रिलमध्ये जातात. शिवाय शीतगृहाचं भाडं, नाहीतर पावसाळ्यात रंग उडतो आणि अळी लागते.

नाही घेतली, आणि दिवाळीच्या सुमारास भाव २०० चा २६० झाला, तर? किलो मसाल्यामागे खर्च २१ रुपये ६० पैशांनी वाढतो, हातात १५१ ऐवजी १२९ च्या आसपास उरतात आणि २७० किलोंची रेषा ३१५ वर जाते. म्हणजे आणखी अडतीसेक दुकानं. पाकिटाची किंमत लगेच वाढवता येत नाही, कारण शेजारच्या फळीवरच्या मोठ्या कंपनीने हंगामातच मिरची भरून ठेवलेली असते.

विक्रीचेही चढउतार आहेत आणि ते कोणत्याही तयार नमुन्यात सापडणार नाहीत. सावजी मसाला मुख्यतः मटण-कोंबडीचा. आषाढात खप चढतो, श्रावण लागला की कोसळतो. पोळ्याला श्रावण संपतो, दुसऱ्या दिवशी मारबत निघते आणि मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. पितृपक्ष आणि नवरात्रात पुन्हा मंदी. थंडीत पार्ट्या, हुरडा, पाहुणे. म्हणून महिन्याचा २७० किलो हा सरासरी आकडा लिहून बारा रकान्यांत तोच उतरवला, तर ते पान खोटं ठरतं. श्रावणाच्या रकान्यात निम्मी विक्री लिहा आणि त्या महिन्याचे पगार कुठून देणार, ते शेजारी लिहा.

आणखी एक ओळ रिपोर्टमध्ये सहसा नसते: सुरुवातीची तूट. २७० किलोंची विक्री पहिल्या दिवशी होणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत ४०, ७०, ११०, १५०, १९०, २३० किलो अशी चढत गेली असं धरू. प्रत्येक महिन्यात २७० ला जेवढे किलो कमी, त्याला १५१ ने गुणा. सहा महिन्यांची बेरीज सव्वा लाख होते. ही तूट म्हणजे धंदा वाईट चालतोय असं नव्हे. तो उभा राहायची ती किंमत आहे आणि ती आधीच बाजूला काढून ठेवावी लागते. यातले ९०,००० तिचा स्वतःचा पगार आहे. घरात दुसरं उत्पन्न असेल, डबे चालू ठेवणार असेल, तर तेवढा भार हलका होतो. घरच्यांशी बसून हे ठरवायला हवं, बँकेत जाण्याच्या आधी.

सुरुवात जानेवारीत केली तर मार्चमध्ये मिरची घेताना थोडा खपाचा अंदाज आलेला असतो आणि आषाढापर्यंत शंभरेक दुकानं झालेली असतात. हीच सुरुवात श्रावणाच्या तोंडावर केली तर पहिलेच महिने मंदीचे, आणि मिरची चढ्या भावाची.

अनुदान या पानावर कुठे बसतं

‘पस्तीस टक्के सबसिडी’ हे शब्द ऐकून अनेक जण प्रकल्प मोठा करतात. नियम नीट वाचू. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. उत्पादन उद्योगात त्याची मर्यादा ५० लाखांच्या प्रकल्पापर्यंत वाढवली गेली. महिलांसह विशेष प्रवर्गाला शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा ५ टक्के. सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात १५, ग्रामीण भागात २५, स्वतःचा वाटा १० टक्के. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. खाद्यपदार्थांसाठी २०२० साली आलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख देते. आपल्याकडे ती कृषी विभागाकडून चालते. तिच्या जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज आणि प्रकल्प अहवाल करायला मदत करतात. त्यांचं मानधन सरकार देतं, अर्जदाराने द्यायचं नसतं. योजनांच्या अटी आणि मुदती बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या वेळी जिल्हा उद्योग केंद्रात चालू परिपत्रक पाहून घ्या.

महत्त्वाचं असं की रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत तुमच्या नावाच्या मुदत ठेवीत तीन वर्षं पडून असतं. त्या रकमेवर ठेवीचं व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षं धंदा नीट चालला, तपासणी झाली, की ते कर्जखात्यात वळतं होतं. म्हणजे बारा रकान्यांच्या पानावर, पहिल्या वर्षात, अनुदानाची ओळ कोरी राहते. पहिल्या वर्षीच्या पगाराला त्यातला एक रुपयाही उपयोगी येत नाही.

ग्रामीण भागातल्या जादा दहा टक्क्यांचाही हिशेब करा. दहा लाखांच्या प्रकल्पात तो फरक एक लाखाचा, आणि एकदाच मिळणारा. त्यासाठी शहराबाहेर तीस किलोमीटरवर शेड घेतली आणि जाण्यायेण्याचा, मालवाहतुकीचा खर्च महिन्याला ६,००० ने वाढला, तर सतराव्या महिन्यात तो लाख संपतो. तुमचं गाव तिथेच असेल, घरची जागा असेल, तर गोष्ट वेगळी.

आपल्या ताईच्या वहीनुसार पहिल्या वर्षी मशीनच नको. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात भांडवली खर्च नसलेला प्रकल्प बसत नाही. तिला मुद्रा कर्ज जुळतं: ५०,००० पर्यंत शिशु, त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर. इथे अनुदान नाही, हे खरं. पण साडेचार लाखांचं झाकून ठेवलेलं मशीनही नाही.

बँकेसमोर

आता सीएकडे जा आणि वही त्याच्यासमोर ठेवा. तो ती बँकेच्या नमुन्यात उतरवेल. बँक मुख्यतः दोन गोष्टी पाहते. पहिली, वर्षाचा नफा, घसारा आणि व्याज यांची बेरीज ही हप्ता आणि व्याज यांच्या किती पट येते. दीड पटीच्या आसपास किंवा वर असली तर अधिकाऱ्याला बरं वाटतं. क्षमतेचे टक्के वाढवून ही पट हवी तेवढी दाखवता येते, आणि अधिकाऱ्यालाही ते ठाऊक असतं. म्हणून तो ‘कशावरून?’ विचारतो. तीस दुकानांची यादी, प्रत्येकाचा आठवड्याचा खप, पाच-सहा दुकानांत महिनाभर प्रत्यक्ष विकलेल्या पाकिटांच्या पावत्या, डब्याच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, हे सोबत असेल तर उत्तर द्यायला सीए लागत नाही.

दुसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची. नायक समितीच्या शिफारशीनुसार छोट्या उद्योगाला वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या पंचवीस टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरतात. त्यातले वीस टक्के बँकेने द्यायचे, पाच टक्के उद्योजकाने घालायचे. २७० किलोंच्या हिशेबाने वर्षाची विक्री १६ लाख ८५ हजार, त्याचे पंचवीस टक्के ४ लाख २१ हजार. वहीत आलेले ३ लाख ३३ हजार आणि हंगामातल्या मिरचीचे दीड लाख मिळून पावणेपाच लाखांच्या वर जातात. म्हणजे सूत्राने निघणाऱ्या रकमेपेक्षा साठ-सत्तर हजार जास्त लागतात, ते का लागतात आणि कोणत्या महिन्यात, हे सांगायला तिच्याकडे मिरचीच्या भावाचं पान आहे. वहीशिवाय केलेल्या पहिल्या रिपोर्टात मात्र उलटं झालं होतं. ४४७ किलोंच्या हिशेबाने विक्री जवळजवळ २८ लाखांवर जाते, पंचवीस टक्के म्हणजे सात लाख, आणि फाइलमध्ये लिहिलं होतं चार. असं कमी कर्ज घेऊन मोठं मशीन बसवलेल्या शेडची कुलपं हिंगण्याच्या रस्त्यावरही दिसतात.

उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. कोणालाही पैसे देऊ नका. तिचा एक उपयोग लक्षात ठेवा: नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. भोजनालयांची साखळी किंवा मोठं सुपरमार्केट माल घेणार असेल तर बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या. मालाच्या विक्रीला वर्षाला चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण सुपरमार्केटवाले बहुधा ती मागतात. तेव्हा त्यांच्याकडे जायचं की नाही, हे ठरवतानाच नोंदणीचंही ठरवा.

बारा रकान्यांच्या पानावर प्रत्येक महिन्याच्या रकान्याशेजारी एक कोरा रकाना सोडा: प्रत्यक्षात काय झालं. महिना संपला की त्या रात्रीच भरा. सहाव्या महिन्यात १५० किलोंच्या खाली असाल तर काय करायचं, तेही आजच लिहून ठेवा. मदतनीसाचा अर्धा वेळ, लांबच्या वस्त्या बंद, कोणत्या दुकानांची उधारी थांबवायची, जे पटेल ते. आणि मजुरीवरचं दळण सलग तीन-चार महिने हजार किलोंच्या आसपास गेलं, किंवा उन्हाळ्याच्या कांडपाची कामं दारात यायला लागली, की कोटेशनची तारीख नवी करून घ्या आणि जिल्हा उद्योग केंद्रात अर्जाची चौकशी करा. तोवर वर्षभराच्या बिलांची आणि बँकेच्या पासबुकाची प्रत काढून ठेवलेली असू द्या, प्रकल्प अहवालाला ती जोडावी लागेल.